मेंढा बाजारातून आणायचा की वाड्यावरून?

*डॉक्टर, आमच्या घरी सत्तर मेंढ्या आहेत, दख्खनी, काळ्या. कागल तालुक्यात राहतो. मालक एमआयडीसीत कामाला जातात, मेंढरं सासरे आणि मी बघते. घरचा मेंढा सहा वर्षांचा झाला. कळपातल्या निम्म्या मेंढ्या आता त्याच्याच लेकी आहेत. गेल्या साली बरीच कोकरं अशक्त निघाली, तीन मेंढ्या गाभडल्या. आबा म्हणतात, मेंढा बदलायचा, आटपाडीच्या बाजारातून माडग्याळ आणायचा. ओळखीच्या दलालानं एक बघून ठेवलाय. ऐंशी हजार सांगतोय आणि गाभ धरायची ग्यारंटी देतोय. मी म्हटलं, आधी तपासून घेऊ. तर आबा म्हणाले, "चाळीस वर्सं मेंढरं राखतोय, मला मेंढा कळत न्हाई व्हय?" मालक म्हणतात, तपासणीत पैसे घालवू नको. मेंढ्या व्यायला लागल्या की सगळा हात माझाच असतो, आणि घरात तीन वर्षांचं पोरगं आहे. बाजारातून मेंढा घेणं खरंच धोक्याचं असतं का? आणि आबांना न दुखवता हे सांगायचं कसं?*

*— एक सून, कागल तालुका*

ताई,

आधी आबांचं जे बरोबर आहे ते सांगतो. मेंढा बदलायलाच हवा. बाप आपल्याच लेकींवर सुटला की होणाऱ्या कोकरांत दोष उघडे पडतात. कोकरं लहान निघतात, उठायला उशीर करतात, दूध ओढत नाहीत, पहिल्या गारठ्यात जातात. एक मेंढा कळपात दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवू नये असं आम्ही सांगतो ते याचसाठी. त्याच्या पहिल्या लेकी माजावर यायच्या आत तो निघाला पाहिजे. तुमचा निघायला उशीर झालाय आणि आबांना ते कळलंय. माझं म्हणणं फक्त दोन गोष्टींबद्दल आहे: नवा कुठून येतो, आणि आल्यावर किती दिवसांनी मेंढ्यांत जातो.

बाजारात मेंढा का येतो याचा विचार करा. ज्याच्या कळपात चांगला मेंढा आहे आणि त्या मेंढ्याची कोकरं दमदार निघताहेत, तो माणूस त्याला सहसा विकत नाही. विकतो तेव्हा कारण असतं. कधी ते सरळ असतं: तुमच्यासारखंच, लेकी कळपात आल्या म्हणून. कधी घरात लग्न असतं, दवाखाना असतो. पण कधी मेंढ्या उलटत असतात, म्हणजे गाभ न धरता पुन्हा माजावर येत असतात, कधी मेंढ्यांनी गाभ टाकलेला असतो, कधी मेंढा मागच्या पायात अधू होत चाललेला असतो. बाजाराच्या मैदानात हे सगळे मेंढे एकाच दोरीला उभे असतात. धुतलेले, शिंगांना तेल लावलेलं, अंगावर भंडारा. कुठला कशासाठी आलाय हे कपाळावर लिहिलेलं नसतं. आणि बऱ्याचदा विकणाऱ्यालाही माहीत नसतं, कारण त्यानं तो चार दिवसांपूर्वी दुसऱ्या बाजारात घेतलेला असतो. म्हणून दलालाला पहिला प्रश्न हा विचारा: मेंढा घरचा की घेतलेला? घेतलेला असेल तर कुणाकडून, आणि त्या माणसाच्या मेंढवाड्यावर आपण जाऊन येऊ शकतो का? इथंच उत्तर अडखळलं तर सौदा तिथंच सोडा.

दुसरी गोष्ट गर्दीची. आटपाडीला शनिवारी माणदेशातली, जत-सांगोल्याकडची, पार कर्नाटकातली मेंढरं येतात. आपल्या वडगावच्या बाजारातही वेगळं काही नसतं. जनावरं नाकाला नाक लावून उभी असतात, एकाच टाकीला पाणी पितात. ज्या पिकअपमधून तुमचा मेंढा येणार, त्यात सकाळी कुणाची बकरी होती आणि खाली लेंड्या धुतल्या होत्या का, हे कुणी विचारत नाही. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग), देवी, लाळ-खुरकत, तोंडाचा मावा हे सगळे आजार असे पसरतात. वाईट म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत मधले दिवस जनावर धडधाकट दिसतं. पीपीआरला साधारण चार-सहा दिवस लागतात, कधी जास्त. देवीला आठवडा ते दोन आठवडे. शनिवारी आबांनी कितीही बारकाईनं बघितलं तरी त्या दिवशी दिसण्यासारखं काही नसतंच. मंगळवारी मेंढा खोकायला लागतो आणि तोपर्यंत तो सत्तर मेंढ्यांत फिरून आलेला असतो. देवीची तर वाळलेली खपली वाड्यात महिनोन् महिने जिवंत विषाणू धरून राहते. एकदा घुसली की पुढची कोकरंही त्यातच जन्मतात.

यांतल्या पीपीआर, देवी आणि लाळ-खुरकतीवर लस आहे. पीपीआरची एक मात्रा तीन वर्षं पुरते. तुमच्या मेंढ्यांना या लसी टोचलेल्या नसतील तर मेंढा आणायच्या आधी टोचून घ्या, नंतर नको. लस अंगी लागायलाही दोन-तीन आठवडे जातात.

मला सगळ्यात जास्त काळजी ज्याची वाटते तो आजार मात्र वेगळा आहे, आणि त्याची लस मेंढ्यांना आपल्याकडे दिली जात नाही: ब्रुसेलोसिस. मराठीत त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. यात मेंढी शेवटच्या दीड-दोन महिन्यांत गाभ टाकते, नाहीतर मेलेलं किंवा जेमतेम जिवंत कोकरू देते. मेंढ्याला झाला तर कधी एक अंड सुजतं, अंडाच्या खालच्या टोकाला गाठ होते. कधी बाहेरून काहीच दिसत नाही. तो खातो, रवंथ करतो, मेंढ्यांमागे लागतो. त्याच्या बीजातून रोग मेंढीत जातो. मग ती गाभडली की वार आणि पाण्यातून सगळा वाडा नासतो.

आणि ताई, हा आजार माणसाला होतो. वाड्यावर तो आधी त्यालाच होतो जो वीत करतो, हातानं वार ओढतो, कोकराच्या नाकातला चिकटा काढतो. म्हणजे तुम्हाला. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. रात्री घामानं अंथरूण भिजतं. कंबर, गुडघे, खांदे धरतात. माणूस महिनाभर टायफॉईड म्हणून, मलेरिया म्हणून औषधं घेत फिरतो. पुरुषाला झाला तर अंडकोष सुजतो. पोटुशी बाईला झाला तर मूल पडू शकतं. औषध आहे, बराही होतो, पण दोन प्रकारची प्रतिजैविकं एका वेळी, सहा आठवडे न चुकता घ्यावी लागतात. मधेच सोडली तर उलटतो. कच्च्या दुधातूनही येतो, म्हणून पोराला मेंढीचं किंवा शेळीचं दूध उकळल्याशिवाय देऊ नका. आणि तुम्हाला किंवा आबांना असा येत-जात राहणारा ताप कधी आला, किंवा येऊन गेला असेल, तर दवाखान्यात गेल्यागेल्या "आमच्या घरी मेंढरं आहेत आणि ती गाभडलीत" हे वाक्य स्वतःहून सांगा. डॉक्टरांच्या लक्षात येईलच असं धरून चालू नका.

आता तुमच्या पत्रातल्या एका ओळीकडे वळतो, जी तुम्ही जाता जाता लिहिलीय: गेल्या साली तीन मेंढ्या गाभडल्या. नात्यातल्या संकरानं कोकरं अशक्त होतात, पण एका हंगामात तीन मेंढ्या गाभडायला बहुतेक वेळा दुसरं काहीतरी असतं. ब्रुसेलाच असेल असं नाही, गाभडण्याची कारणं बरीच आहेत. मारामारी, सडका चारा, दुसरे जंतू. पण हे कळल्याशिवाय नवा मेंढा आणला तर उलटंच व्हायचं: आणाल निरोगी मेंढा, आणि रोग त्याला तुमच्याच वाड्यात लागायचा. म्हणून रक्त तपासायची सुरुवात घरापासून करा. त्या तीन मेंढ्या, जुना मेंढा आणि आणखी काही मेंढ्या. पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगा, ते रक्त काढून नेतात. रोझ बेंगाल नावाची साधी चाचणी आहे, काही मिनिटांत उत्तर देते. शंका राहिली तर नमुना पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातो. 1962 या फोनवर फिरता दवाखाना बोलावता येतो. इथून पुढे कुठलीही मेंढी गाभडली तर वार आणि मेलेलं कोकरू उघड्या हातानं उचलू नका, कुत्र्याला खाऊ देऊ नका. हातमोजे घाला, डॉक्टरांना नमुना द्या, बाकीचं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. ती मेंढी दोन-तीन आठवडे वेगळी बांधा.

ग्यारंटीबद्दल. "गाभ धरायची ग्यारंटी" म्हणजे दलालाला काय म्हणायचं असतं? मेंढा मेंढीवर चढतो, एवढंच त्यानं बघितलेलं असतं. चढणारा मेंढा आणि फळवणारा मेंढा यांत फरक आहे. मेंढ्याचं बीज तयार व्हायला सुमारे 49 दिवस लागतात आणि पुढे नळीतून पक्व होऊन यायला आणखी दहा-बारा. म्हणजे आज जे बीज उतरतंय त्याची सुरुवात दोन महिन्यांपूर्वी झालेली असते. मधल्या काळात मेंढ्याला जोराचा ताप आला, तीन बाजार उन्हात उभं राहून झाले, पिकअपमध्ये कोंबून नेलं, तर त्याचा मार पुढच्या सहा-आठ आठवड्यांच्या बीजावर बसतो. मेंढा रुबाबात असतो, माज ओळखतो, चढतो, आणि मेंढ्या सतराव्या दिवशी पुन्हा माजावर येतात. तुमचा हंगाम गेला, आणि दलाल म्हणणार की मेंढ्यांतच दोष आहे.

म्हणूनच वेळ बघा. पाऊस पडून हिरवा चारा आला की मेंढ्या माजावर येतात. अजून चैत्र चालू आहे, मृगाला दीड-दोन महिने आहेत. मेंढा आणायचा तर आत्ताच आणायचा आणि बीज नवं तयार होईपर्यंत सावलीत, थंडाव्याला, चांगल्या खुराकावर ठेवायचा. अंडावर दाट लोकर असेल तर कातरा, उन्हाळ्यात ती उष्णता धरून ठेवते. मृगाच्या आठवड्यात बाजारात जाऊन आणला आणि दुसऱ्या दिवशी सोडला, अशी खरेदी मी सगळ्यात वाईट समजतो, मेंढा कितीही देखणा असो.

माडग्याळबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, आणि ते आबांना आवडणार नाही. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाची ही जात. उंच, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, पोपटासारखं वळलेलं नाक. मटणाला उत्तम. त्या नाकाच्या वळणावर लाखांच्या बोली लागतात, फोटो निघतात. पण किंमत नाकाची होते, त्याच्या लेकींना दूध किती आणि त्याची कोकरं जगतात किती याची नाही. ही जात जतच्या कोरड्या माळावरची. तुमच्याकडे काळी चिकट रानं, उसाच्या सऱ्या, पावसाळ्यात चार महिने पाय ओले. तिथं खुरं सडतात. शिवाय अंगानं थोराड मेंढा लहान चणीच्या दख्खनी मेंढीवर सुटला की पहिलटकरणी अडतात, आणि अडलेली मेंढी सोडवायची वेळ पुन्हा तुमच्यावरच येते. काळी लोकरही पुढच्या पिढीत हातची जाते. लोकरीला आज भाव नाही हे खरं, पण घोंगडीसाठी ती काळीच लागते. तुमच्या घरी अजून कातरण विकली जात असेल तर विचार करा. माडग्याळ वाईट असं मी म्हणत नाही. आणायचाच तर मध्यम चणीचा आणा, आणि पहिल्या वर्षी तो आधी व्यालेल्या, मोठ्या हाडाच्या मेंढ्यांवरच सोडा.

हल्ली बाजारात आणखी एक बोली ऐकू येते: "जुळं देणारा मेंढा." मेंढा स्वतः जुळ्यातला आहे एवढ्यावर तसं होत नाही. जुळं होण्यात वंशाचा वाटा सर्वसाधारण मेंढरांत थोडाच असतो, चाऱ्याचा मोठा. अपवाद एका जनुकाचा. बंगालकडच्या गारोळ मेंढीत ते आहे आणि फलटणच्या निंबकर संस्थेनं ते दख्खनीत आणून सुवर्णा नावाची मेंढी तयार केली. ते जनुक मेंढ्यात आहे की नाही हे रक्ताच्या डीएनए तपासणीनंच कळतं. नाकावरून नाही, शिंगावरून नाही, दलालाच्या शपथेवरून तर नाहीच. आणि जुळी आली तर दोन्ही जगवायला मेंढीला खुराक द्यावा लागतो हे विकणारा सांगत नाही.

आता ऐंशी हजारांचा हिशेब करू. एक जाणता मेंढा हंगामात तीस-चाळीस मेंढ्या नीट फळवतो. सत्तर मेंढ्यांना एक पुरत नाही. म्हणजे ऐंशी हजार एकाच जनावरात घातले तरी निम्म्या मेंढ्या पुन्हा जुन्याच मेंढ्याकडे जाणार, नाहीतर रिकाम्या राहणार. आणि तो एक आजारी निघाला, लंगडा झाला की सगळा हंगाम बसला. त्याच पैशात, किंवा त्याहून कमीत, दोन वेगवेगळ्या वाड्यांवरचे दोन साधे, निरोगी, तपासलेले दख्खनी मेंढे येतात. पुढे दोन वर्षांनी एकाच्या लेकींवर दुसरा सोडता येतो. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

ते मिळतील कुठं? पहिली जागा दुसऱ्या धनगराचा वाडा. तिथं मेंढा एकटा दिसत नाही, त्याच्या लेकी दिसतात, या सालची कोकरं दिसतात, त्याची आई दिसते, तिची कास दिसते. किती मेंढ्या गाभडल्या हे विचारता येतं आणि कोकरांची संख्या मेंढ्यांशी ताडून बघता येते. साठ मेंढ्यांमागे पंधराच कोकरं असतील तर काय ते समजलं. आबांच्या सोयऱ्या-धायऱ्यांत हुपरी-पट्टणकोडोलीकडे, चिकोडीकडे, मिरजेच्या बाजूला वाडे असतीलच. पूर्वी मेंढे असेच फिरायचे, एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर, कधी पैशानं, कधी अदलाबदलीनं. यात्रेला गेलात तर तिथं मेंढा शोधू नका, माणूस शोधा. कुणाची कोकरं यंदा बरी निघाली एवढं विचारा, आणि मग त्याच्या घरी जा.

दुसरी जागा सरकारी. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं आहेत. तुम्हाला जवळची म्हणजे कवठेमहांकाळ तालुक्यातलं रांजणी आणि माण तालुक्यातलं दहिवडी. पैदाशीचे नर तिथून विकले जातात. सध्या कुठल्या जातीचे आहेत हे फोन करून मगच निघा. फलटणला निंबकर संस्थेतही आधी विचारून जा.

हे सगळं सांगूनही आबा बाजारालाच जाणार असतील, तर त्यांची नजर कामाला लावा, कारण ती खरोखर मोलाची आहे. मेंढा चालवून बघायचा, उभा नाही. वाळूत, मग दगडावर. मागचे पाय जवळ घासतात का, खूर उचलताना कचरतो का. दात: दोन दाती ते चार दाती घ्या. आदत, म्हणजे दुधाचेच दात असलेला मेंढा अजून सिद्ध झालेला नसतो, आणि जुळलेला, म्हणजे सगळे दात आलेला, तो दुसऱ्यानं वापरून सोडलेला. खालचे दात वरच्या हिरडीला नीट टेकले पाहिजेत, पुढे-मागे नकोत, तो दोष कोकरांत उतरतो. डोळ्याची खालची पापणी ओढा. आतला रंग लालसर हवा. फिकट पांढरा असेल तर पोटात रक्त पिणारे जंत आहेत. जबड्याखाली सूज असेल तर घेऊच नका. ओठांवर, नाकपुडीत, शेपटीखाली, काखेत, जिथं लोकर नाही तिथं पुळ्या-खपल्या बघा. लोकर फाकवून खरूज बघा. मग अंडं. ही जागा बघायला लोक लाजतात आणि तिथंच फसतात. दोन्ही हातांत धरायची. दोन्ही सारखी, घट्ट पण दगडासारखी टणक नाहीत, पिशवीत वर-खाली सरकणारी. खालच्या टोकाला जी गाठीसारखी शेपटी असते ती दोन्हीकडे सारखीच हवी. एकीकडे मोठी, कडक, दाबल्यावर दुखणारी असेल तर पैसे खिशात ठेवा. पिलपिली असतील तर बीज नाही. एकच उतरलेलं असेल तर तो मेंढा फुकटही नको.

कानात बारा अंकी टॅग आहे का बघा. त्या आकड्यावरून दवाखान्यातले डॉक्टर लसीची नोंद काढून बघू शकतात. बाजार समितीची पावती घ्या, विकणाऱ्याचं नाव-गाव-मोबाईल त्यावर लिहून घ्या. आणि तो काय खात होता हे जरूर विचारा. विक्रीसाठी मका-भरड्यावर फुगवलेला मेंढा एकदम चराईवर सोडला तर वाळतो, आणि भरड्यावरच ठेवला तर नरांना मुतखड्याचा धोका असतो. खुराक दोन-तीन आठवड्यांत हळूहळू बदला.

कुठूनही आणा, वाड्यावरून, सरकारी प्रक्षेत्रातून की बाजारातून, पहिले तीस दिवस तो तुमच्या मेंढ्यांना दिसता कामा नये. एवढ्या एका गोष्टीत मी कुणाचंही ऐकत नाही. मळ्यातली खोप, भावकीतला रिकामा गोठा, कुठंही, पण एका कुंपणाच्या आड-पलीकडे नको. पाण्याची बादली, चाऱ्याची पाटी वेगळी. घरच्या मेंढ्यांचं सगळं आटोपल्यावर शेवटी त्याच्याकडे जायचं, येताना हातपाय, चप्पल धुवायची. एकटा मेंढा कासावीस होतो, ओरडतो, खात नाही. सोबतीला एखादा खच्ची केलेला नर बांधा. त्याला काही झालं तर तुम्हाला आधी कळेल, हाही फायदा. पहिल्या दिवशी डॉक्टरांच्या सल्ल्यानं जंताचं औषध, तेही दोन दिवस फरशीवर किंवा कडक जमिनीवर बांधून. बाजारातून आलेल्या जनावराच्या पोटात औषधाला न दबणारे जंत असू शकतात आणि ते एकदा तुमच्या चराईवर पडले की निघत नाहीत. त्या दोन दिवसांच्या लेंड्या रानात टाकू नका. खुरं कापून औषधाच्या पाण्यात बुडवा. मोरचूद वापरत असाल तर ते पाणी त्याला पिऊ देऊ नका, तांबं मेंढराच्या अंगाला सोसत नाही. आल्याबरोबर रक्ताची एक तपासणी आणि महिन्यानं दुसरी, कारण नवी लागण पहिल्या तपासणीत हुकते. बीज तपासून घ्यायचं असेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. दोन्ही रक्तं चांगली आली की मगच तो वाड्यात.

मेंढा सोडताना छातीला पिवडी, म्हणजे पिवळा रंग, तेलात कालवून लावा. तो ज्या मेंढीवर चढेल तिच्या पाठीला रंग लागेल. सतरा दिवसांनी रंग बदला, गेरू लावा. पिवडीच्या बहुतेक मेंढ्यांना परत गेरू लागला तर समजा, फळत नाहीत. तेव्हा हंगाम हातात असतो, दुसरा मेंढा सोडता येतो. पाच महिने वाट बघून कळण्यापेक्षा हे बरं.

आबांना कसं सांगायचं हा तुमचा खरा प्रश्न. "तुम्हाला कळत नाही" हे वाक्य तुमच्या तोंडून निघालेलं नाही हे मला माहीत आहे, पण तपासणी म्हटलं की त्यांना तेच ऐकू येतं. मेंढा त्यांनीच निवडावा. चाल, दात, अंडं, लोकर, आई-बाप, यात त्यांच्या तोडीचा डॉक्टर मिळणार नाही आणि हे त्यांना मोकळेपणी म्हणा. मग एवढंच सांगा की रक्तातला जंतू मलाही डोळ्यांनी दिसत नाही, कुणालाच दिसत नाही, म्हणून तपासणीची नळी लागते. तरीही अडले तर पोराचं सांगा. "आबा, वीत मी करते आणि त्याच हातानं पोराला भरवते." आजोबा या वाक्यापुढे अडून बसत नाहीत, असा माझा अनुभव आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरांना एकदा वाड्यावर बोलवा, चहा होऊ द्या, आणि आबांनाच त्यांच्याशी बोलू द्या. तुम्ही मधे नसलात तर गोष्ट सोपी होते.

मालकांना हिशेब दाखवा. सरकारी दवाखान्यातला रक्त तपासणीचा खर्च एका कोकराच्या किमतीजवळही जात नाही. गेल्या साली गाभडलेल्या तीन मेंढ्यांची तीन कोकरं आणि जी अशक्त निघून गेली ती, यांची बेरीज त्यांनीच करावी.

राहिला जुना मेंढा. त्याचं रक्त दूषित आलं तर पैदाशीसाठी कुणालाही देऊ नका, बाजारात तर अजिबात नाही. त्याचं पुढं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. रक्त स्वच्छ आलं आणि अंगात अजून दम असेल, तर नात्याबाहेरच्या एखाद्या वाड्याला वर्षभरासाठी द्या. त्याचं वय आणि गेल्या सालची हकीकत, दोन्ही सांगून.